आवाज सारखा केल्यावर

ज्या वर्षी धाकट्या भावाने बापाला आपल्या घरी आणून ठेवलं, त्याच वर्षी कारखान्यात पडदा लागला. पडदा कसला, मालकांच्या ऑफिसातल्या खिडकीचं जुनं कापड, दोन खिळ्यांमध्ये सुतळीवर टांगलेलं. त्याच्या पलीकडे टेबलावर दोन अँप्लिफायर, एक नेहमीचा आणि एक नवा, स्वस्त सामान घातलेला. अलीकडे स्पीकरची जोडी आणि स्पीकरसमोर खुर्चीत ती. पडद्यामागे नवा इंजिनियर हातात खटका घेऊन उभा होता. खटका इकडे केला की एक अँप वाजायचा, तिकडे केला की दुसरा. तिने नुसतं ऐकून सांगायचं, आता कोणता वाजतोय. एवढंच. पण त्या एवढ्यावर तिची खुर्ची टिकून होती, आणि खुर्चीहून मोठं असं आणखी काहीतरी, जे त्या खोलीत तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं.

अठराव्या वर्षी ती या कारखान्यात तारांना कथलाचा डाग देणाऱ्या मुलींच्या रांगेत येऊन बसली होती. एक दिवस शेजारच्या टेबलावर तयार अँप वाजत होता, सगळे माना डोलवत होते, आणि ही हातातलं काम न सोडता म्हणाली, "हा गरम आहे." कोणाला काही कळेना. थोरल्या मालकांनी झाकण उघडायला लावलं, तर आत एक डाग कच्चा निघाला. त्या दिवसापासून तिला डाग द्यावा लागला नाही. तयार झालेला प्रत्येक अँप तिच्यासमोर यायचा, ती डोळे मिटून ऐकायची, "थंड" म्हणाली की माल खोक्यात, "गरम" म्हणाली की पुन्हा पेचकस. बाहेर लोक चांगल्या आवाजाला ऊबदार म्हणतात. इथे सगळं उलटं. धाकटे मालक एकदा सवयीने एका बड्या गिऱ्हाइकाला म्हणाले होते, "आमचा माल म्हणजे एकदम थंड बघा!" गिऱ्हाईक जे गेलं ते गेलंच. ही गोष्ट कारखान्यात अजून सांगून हसतात. पण हे दोन शब्द तिने आणले कुठून, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने विषय बदलला असता.

पहिल्या फेरीत तिने एकही चुकवला नाही. नेहमीची ध्वनिफीत होती, कोणी एक बाई शब्दांवाचून गुणगुणते आणि मध्येच थांबून श्वास घेते. तिचं लक्ष गुणगुणण्याकडे नसायचंच, त्या श्वासाकडे असायचं. "जुना," ती म्हणाली. "नवा. नवा. जुना." मालकांनी मांडीवर थाप मारली. "काय साहेब? सांगत नव्हतो? आमच्या ताईंना मुंगी शिंकली तरी कळतं." स्टोअरवाला दारातून म्हणाला, "म्हणून तर आपल्याकडे मुंग्या शिंकत नाहीत." सगळे हसले. पडद्यामागून हसणं आलं नाही. "ताई, एक मिनिट हं," इंजिनियर म्हणाला, "नव्याचा आवाज केसभर कमी आहे. तुम्ही कदाचित तेवढाच ओळखताय. लहान-मोठा आवाज कोणालाही कळतो, फक्त आपल्याला तो चांगला-वाईट वाटतो. मी दोन्ही सारखे करतो." "कर रे बाबा," ती म्हणाली. तिला स्क्रू फिरवल्याची करकर ऐकू आली, मीटरचा खटका ऐकू आला, त्याचा स्वतःशी पुटपुटलेला आकडा ऐकू आला. मग बाई गुणगुणली, थांबली, श्वास घेतला. खटका पडला. बाई गुणगुणली, थांबली, श्वास घेतला. तोच श्वास. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागून दात दातांवर आपटावेत, तसं तिला झालं. "कोणता, ताई?" "जुना," ती म्हणाली, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं. पुन्हा खटका. पुन्हा तोच श्वास. तिने मान वळवून उजवा कान पुढे केला; डाव्यात लहानपणापासून शिट्टी वाजते, त्याच्यावर ती विसंबत नसे. "आता?" "नवा." "आता?" ती स्पीकरकडे आणखी वाकली. "ताई?" "अरे ऐकू तर दे!" ती ओरडली, आणि मालकांनी पायावरचा पाय खाली घेतला.

शेवटी इंजिनियरने पडदा बाजूला केला. चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. उलट वाईट वाटल्यासारखा तो तिच्या खुर्चीजवळ उकिडवा बसला, घरातल्या आजारी माणसाजवळ बसावं तसा. निम्मे बरोबर, निम्मे चूक, नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते, असं त्याने मालकांकडे न बघता हळूच सांगितलं. मग तिच्या हातावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तुमचं काही चुकलं नाही, ताई. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच. कधीच नव्हतं."

तिने त्याच्या कानाखाली आवाज काढला.

बोलताना आपण किती सहज म्हणतो हे. एक ठेवून देईन, कानाखाली आवाज काढीन. आवाज नेमका कोणाचा, मारणाऱ्याच्या तळहाताचा की खाणाऱ्याच्या कानातला, हे कोणी सांगत नाही. तिला तो पुरता ऐकू आला. कोरडा, तोंडाशी स्वच्छ, मागे घरघर नसलेला. इतका नितळ आवाज त्या खोलीत कित्येक वर्षांत वाजला नव्हता. इंजिनियरचा चष्मा स्पीकरखाली गेला. तो कान धरून जमिनीवर बसला, ओठ फुटून हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला, आणि लहान मुलासारखा चकित होऊन म्हणाला, "शिट्टी वाजतेय." तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चारी बोटं लाल झाली होती, अंगठा बाजूला ताठ उभा होता. हा असा अंगठा तिने पूर्वी पाहिला होता. फक्त तेव्हा तो खालून दिसायचा.

ती चप्पल घालून निघाली. मालक मागून "ताई, अहो ताई" करत फाटकापर्यंत आले आणि तिथेच थांबले. रस्त्यावर दुपारची रहदारी होती, पण आज तिला सगळं एकाच मापाचं ऐकू येत होतं, ट्रक, सायकलची घंटा, कोणाचं तरी हसणं, जणू कोणीतरी पेचकस घेऊन सगळ्यांचे काटे एका रेघेवर आणून ठेवले होते. कधीच नव्हतं. तिच्या डोक्यात लोखंडी जिना उभा राहिला. इमारतीच्या बाहेरून वर गेलेला, तीन मजल्यांचा. संध्याकाळी बापाच्या पत्र्याच्या कारखान्याचा भोंगा झाला की ती दारातून बाहेर येऊन कठड्याच्या लोखंडाला कान लावायची. लोखंडातून सगळं येतं. खालच्या पायरीवर बापाचा पाय पडला की तिच्या कानशिलात ठोका पडायचा. टाच घासतेय का, दोन पावलांमधलं अंतर कसं आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुसऱ्या वळणावर तो थांबून श्वास घ्यायचा, तो कसा आहे. श्वास ओढून घेतला तर गरम. सोडून दिला तर थंड. ती आत पळत जाऊन तेवढा एकच शब्द म्हणायची. गरम म्हटलं की आई चूल विझवून धाकट्याला काखेत मारायची आणि तिघंही गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. खालून भांडी आपटल्याचे, दार लाथेने हाणल्याचे आवाज यायचे, मग घोरणं. थंड म्हटलं की आई पाट मांडायची आणि हिला म्हणायची, "जा, तू खेळून ये खाली." शेजारणींना आई सांगायची, "ही माझी मुलगी नाही, हा माझा कान आहे."

कान होता तरी मार बसायचाच. टाकीमागून उतरल्यावर बसायचा, सुटीच्या दिवशी बसायचा, कारण सुटीच्या दिवशी जिना नसतो. कमरेचा पट्टा, उलथणं, पाण्याचा तांब्या, हाताला येईल ते. एकदा मोरीत आईचा दात पडला, पाण्याबरोबर वाहत जाळीपर्यंत गेला आणि तिथे अडला. बाप त्याच जाळीवर उभा राहून तोंड धूत होता. एकदा धाकट्याचं मनगट दारात धरून त्याने दार लावलं. एकदा तिचा डावा कान. त्या थपडेनंतर दोन दिवस डावीकडचं जग गेलं आणि परत आलं ते शिट्टी घेऊन. पण उजवा राहिला होता, आणि उजव्या कानावर घर चाललं होतं. तिला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर त्या घरात अभिमान वाटावा असं तेवढंच होतं. आणि मग ती संध्याकाळ. टाच घासत नव्हती. पावलं मोजून ठेवल्यासारखी येत होती. दुसऱ्या वळणावर श्वास सुटला, लांब, थकलेला. तिने आत जाऊन "थंड" म्हटलं आणि खाली खेळायला गेली. तिचा डाव यायच्या आत वर धाकटा किंचाळला. ओट्याची कड. आई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होती, पण तिने डोळे उघडले नाहीत. पाय घसरला, असं बाप म्हणाला, शेजारी म्हणाले, हवालदारानेही मान हलवली. पोरांना मावशीने नेलं. चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तिने लग्न केलं नाही. कोणाची पावलं दारात ऐकायची हौस नव्हती. चाळीस वर्षं ती त्या एका श्वासाकडे परत परत कान लावून बसली होती. कुठेतरी त्यात ओढ होती. आपण ऐकली नाही. कच्चा डाग होता, आपल्याकडून निसटला. म्हणून तर प्रत्येक अँप, प्रत्येक श्वास.

धाकटा नळाची कामं करतो. त्याच्या घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. भिंतीला टेकवलेले पाइप, जमिनीवर लोखंडाचा कीस, आणि आतल्या दाराजवळ जमिनीत पक्का केलेला, पाइप धरायचा शिकंजा. तो पाइपला आटे पाडत होता. "काय गं, आज एवढ्या लवकर? कारखाना जळाला की काय?" "इंजिनियरला मारलं." "तू?" त्याने हत्यार थांबवलं आणि दात दाखवले. "किती?" "एक." "एकच? मग काय मारलंस!" त्याची बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली. "या ताई, बसा. ह्यांचं काय ऐकता, ह्यांना कशाचंही हसू येतं." ती पाणी देऊन आत गेली. ताई पाइपांच्या ढिगावर बसली. आतल्या खोलीतून बापाचं खोकणं आलं. तो आल्यापासून ती या घरी दोनदा आली होती आणि दोन्ही वेळा पुढच्या खोलीतूनच परत गेली होती.

"मला ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"डॉक्टरला दाखव. वय झालं."

"तसं नाही रे. आवाज सारखा केला की दोन्ही एकच वाजतात. मला फरक कळत नाही." मग जे दोघं चाळीस वर्षांत एकमेकांशी बोलले नव्हते ते तिच्या तोंडून पडलं. "त्या दिवशी मी थंड म्हणाले होते."

धाकट्याने पाइपवर तेल सोडलं. "माहीत आहे. मी ओट्याखाली होतो."

"तो पिऊन आला होता. मला कळायला हवं होतं."

"प्यालेला नव्हता."

"काय?"

"त्या दिवशी तो प्यालेला नव्हता, ताई. बरेचदा नसायचा." त्याने वर पाहिलं नाही. "तू दाराबाहेर असायचीस. मी आत. तू गरम म्हणालीस की आपण वर पळायचो, बायको पळाली म्हणून त्याचं डोकं फिरायचं, मग भांडी, मग लाथा. तू थंड म्हणालीस की खाली जायचीस. मग वर घरात मार. तेवढाच. फक्त आवाज नसायचा. तो ओरडायचा नाही, आई ओरडायची नाही. ती ओट्यावरचं फडकं तोंडात कोंबायची. दोन्ही हातांनी, हे असं."

"खोटं बोलतोस."

"मी खोटं बोलू? मी तिच्या पायापाशी असायचो."

"मग मला का नाही सांगितलंत? रोज गच्चीवर गेलो असतो."

"रोज कोण गच्चीवर राहतं? कधीतरी चूल पेटवावी लागते. आई म्हणायची, ताईला सांगायचं नाही. तिला वाटू दे तिला कळतं. तेवढ्यानेच तिला झोप लागते." आता त्याने वर पाहिलं. "तुझं काही चुकलं नव्हतं. ऐकू येण्यासारखं काही नव्हतंच त्यात. तो तोच होता, रोज."

एकाच दिवशी तेच वाक्य दुसऱ्यांदा. दोघांनीही मायेने म्हटलेलं. या वाक्याची ती जन्मभर वाट पाहत होती, आणि ते आलं तेव्हा कोणीतरी पोटात गुडघा मारावा तसं आलं. चूक नव्हती म्हणजे मोकळं व्हायला हवं होतं. पण चूक गेली तर कानही गेला. मग कठड्याला कान लावून उभी असलेली ती पोर कोण होती? कोणासाठी उभी होती? आईला वाचवण्यासाठी नव्हे. आईच तोंडात बोळा घेऊन तिला वाचवत होती, तिच्या एका शब्दाची लाज राखत होती. आणि ही खाली डाव मांडून खेळत होती. तिला आईचा इतका राग आला की हाताची नखं तळव्यात रुतली. मेलेल्या माणसाला मारता आलं असतं तर त्या क्षणी तिने आईला मारलं असतं. मग ते सगळे अँप आठवले, खोक्यात भरून गेलेले, कोणाकोणाच्या घरात वाजत असलेले, तिने थंड म्हटलेले. एकाही घरात आत काय चाललंय हे तिला कळलं नव्हतं.

आत काठी वाजली. काठी, पाय, काठी, पाय. तिची पाठ त्या दाराकडे होती आणि मानेवरची कातडी आपोआप ताठ झाली. दारापाशी पावलं थांबली. श्वास आला. सुटलेला, लांब, थकलेला. थंड, असं तिच्या आत कोणीतरी म्हणालं, सवयीने.

"कोण आलंय?" बाप मोठ्याने म्हणाला. त्याला आता काही ऐकू येत नसे. "ताई आलीय," धाकटा तितक्याच मोठ्याने म्हणाला. "कोण बाई?" "ताई! ताई!" "हां," बाप म्हणाला, आणि कोण ते न कळताच त्याने मान हलवली. तो सुकून अर्धा झाला होता. शर्टाच्या कॉलरमध्ये दोन माना मावल्या असत्या. धाकट्याच्या बायकोने चहा आणून त्याच्यासमोर धरला. त्याने कपाच्या कडेला बोट लावलं. चहा त्याला हवा तसा नव्हता, फार कढत किंवा फार निवलेला, काय ते कळलं नाही. त्याने काठी बगलेत धरली आणि मोकळ्या हाताने तिच्या तोंडावर मारलं. रागाने नाही. चेहऱ्यावरची एक रेघही हलली नाही. डासाला मारावं तसं. कप हिंदकळून चहा तिच्या मनगटावर सांडला, आणि तिने काय केलं, तर दुसऱ्या हाताची बाही दातांत धरली. इतक्या सफाईने, इतक्या लगेच, की हे आजचं नव्हे, हे दिसत होतं. खोलीत आवाज म्हणाल तर कप बशीवर टेकल्याचा तेवढा आला.

ताईने भावाकडे पाहिलं. तो पाइपच्या आट्यांकडे बघत होता. "रोज?" तिने विचारलं. "रोज नाही गं," तो म्हणाला, "आणि आता काय जोर राहिलाय त्याच्या हातात."

ती उठली. तिला घाई नव्हती. नंतर तिला आठवत राहिलं ते हेच, की घाई नव्हती. बापासमोर ती उभी राहिली. आता अंगठा खालून दिसत नव्हता. ती त्याच्याहून उंच झाली होती, केव्हाच झाली होती, फक्त तिने कधी जवळ उभं राहून पाहिलं नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, डोळे बारीक केले, ओळख पटल्यासारखं ओठांवर काही आलं, आणि मोकळा हात सवयीने वर यायला लागला. तिने त्याच्या कानाखाली आवाज काढला. कोरडा, तोंडाशी स्वच्छ, मागे घरघर नसलेला. इंजिनियरला बसला होता तेवढाच, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. काठी सुटली. बाप उभ्याचा आडवा झाला, आणि पडताना त्याचं कानशील शिकंज्याच्या जबड्यावर आदळलं. तो आवाज मात्र तिला ऐकू आला नाही. लोखंडाच्या किसावर रक्त पसरलं, आधी काळं दिसलं, मग लाल. धाकट्याच्या बायकोने अजून बाही सोडली नव्हती.

धाकटा गुडघ्यांवर बसला, बापाच्या नाकाशी हात धरला, बराच वेळ धरला. मग उठून त्याने शिकंजा फडक्याने पुसायला घेतला, पुसता पुसता थांबला आणि तसाच ठेवला. हवालदार आला तेव्हा ताई बोलायला तोंड उघडणार तोच धाकटा म्हणाला, "पाय घसरला. तेल सांडलं होतं माझ्याकडून." हवालदाराने त्याच्या बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "घसरले. मी इथेच होते." आवाज अगदी सरळ होता, ना चढलेला ना उतरलेला. ताईने उजवा कान पुढे केला. खरं बोलणारी बाई अशीच बोलली असती.

ती पुन्हा कारखान्यात गेली नाही, म्हणजे कामाला गेली नाही. एकदा गेली ती इंजिनियरची माफी मागायला. तो आता तिच्या खुर्चीच्या जागी मीटरचं टेबल लावून बसला होता. म्हणाला, शिट्टी थांबली हो, आठवड्यातच थांबली, तुम्ही उगाच एवढ्या लांब आलात. स्टोअरवाल्याने चहा मागवला. पडदा काढून पुन्हा खिडकीला लावला होता. घरी आल्यावर ती खुर्चीत बसली, डोळे मिटले, आणि दोन्ही थपडा शेजारी शेजारी ठेवून ऐकल्या. आधी ही, मग ती. मग ती, मग ही. एकीने शिट्टी वाजली आणि एकीने माणूस गेला, तर आवाजात कुठे तरी खूण असायला हवी होती. तिने जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा त्या सारख्याच वाजल्या.

आई वारली ती धाकट्याला शाळेत घातलं त्या वर्षी, भर दुपारी. बाप वारला तो धाकट्याने त्याला घरी आणलं त्या वर्षी, बुधवारी, दिवे लागायच्या आत.